एकोणीस पाणपोया

"तुम्ही यंत्र नाही, याची खात्री पटवा," असं वाक्य पडद्यावर आलं, तेव्हा अपूर्व थोडा वेळ नुसता त्याच्याकडे बघत बसला. आठवडाभरात त्याची एवढी चौकशी दुसऱ्या कोणी केली नव्हती. खाली नऊ चौकोन होते आणि त्यांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखायचे होते. एका चौकोनात सिग्नलचा नुसता खांब दिसत होता. खांबाला सिग्नल म्हणायचं का, याचा अपूर्वने शास्त्रशुद्ध विचार केला, खांब सोडून दिला, आणि पोर्टलने त्याला यंत्र ठरवून पहिल्या पानावर परत पाठवलं.

अपूर्व मूळचा चिपळूणचा. पुण्यात नकाशाशास्त्र शिकला आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या नोकरीवर रुजू झाला. मिहान या उद्योगवसाहतीतल्या त्या लहानशा कंपनीत माणसांपेक्षा खुर्च्या कमी होत्या, म्हणून नव्या माणसाने घरूनच काम करावं, असं कंपनीचे प्रमुख विक्रम सर यांनी पहिल्या दिवशी सुचवलं. घर म्हणजे झिंगाबाई टाकळीतल्या एका गल्लीत, रुखमाबाई भोयर यांच्या माडीवरची एक खोली. रुखमाबाईंचे यजमान कोराडीच्या वीज केंद्रात होते; ते गेल्यापासून बाई खाली एकट्याच राहत. खोली दाखवताना त्यांनी एकच अट घातली होती.

"हे पाय, मले पाहुणे चालत नाही. दोस्त नाही, पार्टी नाही, कोणीच नाही. फाटकावर पाटी आहे, वाचली ना?"

पत्र्याच्या पाटीवर लाल अक्षरांत 'पाहुण्यांना मनाई आहे' असं लिहिलं होतं.

"मला इथे कोणी ओळखतच नाही, काकू."

"मंग तं लयच चांगलं आहे," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली होती.

अट पाळायला अपूर्वला काडीचेही कष्ट पडले नाहीत. मे महिन्यात दुपारभर गल्लीत चिटपाखरू नसे. गेल्या रविवारी तो दिवसभरात दोन वाक्यं बोलला होता. एक डबा आणणाऱ्याला, "तिथे ठेवा," आणि दुसरं कूलरला, "आता तू तरी बंद पडू नकोस."

त्या दिवशी मात्र काम होतं. सकाळीच विक्रम सरांचा फोन आला होता. "अपूर्व, महापालिकेच्या पोर्टलवरून शहरातल्या पाणपोयांची माहिती उतरवून घे आन् संध्याकाळपर्यंत नकाशा दे. हे नीट झालं तं पुढच्या महिन्यात तुले पक्कं करून टाकू." अजून तो कच्चाच होता. नोकरी गेली, तर निदान नागपुरात कोणाला सांगावं लागणार नाही, एवढीच एक सोय होती.

दुसऱ्या खेपेला त्याने खांबही सिग्नलात धरला आणि आत शिरला. पोर्टलचा नियम 'आधी द्या, मग घ्या' असा होता. आपल्या भागातल्या अर्धवट नोंदी पूर्ण केल्याशिवाय शहराची माहिती मिळत नसे. अपूर्वच्या वाट्याला एकोणीस पाणपोया आल्या. कोणी भल्या माणसांनी त्या कळवल्या होत्या, पण नकाशावर ठिकाण दाखवायचं राहून गेलं होतं. पत्त्याच्या जागी 'गुड्डूच्या दुकानापाशी', 'लिंबाखाली', 'मागच्या वर्षी होती तिथंच' अशी उत्तरं होती. गुड्डू कोण, हे विचारावं असं कोणी अपूर्वच्या ओळखीचं नव्हतं.

त्याने ठिकाण रिकामं ठेवून पाहिलं. 'ठिकाण आवश्यक आहे,' पोर्टल म्हणालं. त्याने शून्य अक्षांश, शून्य रेखांश टाकून पाहिलं. 'हे ठिकाण भारताबाहेर आहे.' ते बरोबरच होतं. तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात येतो आणि जगभरच्या आळशी लोकांच्या नोंदी तिथेच बुडतात. अपूर्व आळशी नव्हता. त्याला प्रयोगशाळेत शिकवलं होतं, की मोजमाप नसलं तरी जागा रिकामी सोडू नये. सहज ओळखू येईल असा एक खोटा आकडा भरावा आणि मागाहून सगळे खोटे आकडे एका फटक्यात काढून टाकावेत. आता सहज ओळखू येईल असं नागपुरातलं एकच ठिकाण त्याला दशांश चिन्हापुढच्या सहा आकड्यांसकट पाठ होतं, ते म्हणजे स्वतःची खोली. त्याने एकोणीसच्या एकोणीस पाणपोया आपल्या खोलीवर नेऊन ठेवल्या, प्रत्येकीच्या शेऱ्यात 'तात्पुरते' असं लिहिलं, आणि सादर करण्याचं बटण दाबलं.

लगेच ई-मेल आली. 'प्रिय अपूर्व, तुमची माहिती तयार आहे.' प्रिय हा शब्द त्याने दोनदा वाचला. मग माहिती उतरवली, आपल्या नकाशातून त्या एकोणीस नोंदी वगळल्या, नकाशा सरांना पाठवला, आणि पोर्टलवरच्याही काढून टाकाव्यात म्हणून परत गेला. तिथे मजकूर होता: 'ही स्थळे प्रकाशित झाली आहेत. काढण्यासाठी परिसरातील दोन रहिवाशांनी आपापल्या फोनवरून "स्थळ नाही" असे कळवावे. नोंद करणारी व्यक्ती यात धरली जाणार नाही.'

दोन रहिवासी! अपूर्वने गल्लीतल्या ओळखीच्या माणसांची मनातल्या मनात मोजणी सुरू केली. ती रुखमाबाईंपाशी सुरू झाली आणि तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फाटक वाजलं. अपूर्वला आधी वाटलं, शेजारचं असेल. खिडकीतून पाहिलं, तर तोंडाला दुपट्टा बांधलेला एक जण मोटरसायकलवर बसून वर बघत होता. पाठीवर जेवण पोहोचवायची मोठी चौकोनी पिशवी.

"भाऊ, पाणपोई कुठी आहे?"

"इथे पाणपोई नाही."

"काहून मजाक करून राहिले भाऊ? आमच्या ॲपमंदी दाखवून राहिलं ना. आन् एक नाही, एकोणीस! हा एवढा मोठा निळा गोळा आहे." त्याने फोन वर करून दाखवला. पोर्टलचा नकाशा जेवण पोहोचवणाऱ्या पोरांच्या ॲपला जोडलेला होता. सगळ्या उत्तर नागपुरात किरकोळ निळे ठिपके होते आणि अपूर्वच्या खोलीवर कलिंगडाएवढा गोळा. "एवढं पाणी तं अख्ख्या कोराडी रोडले नसन. म्हणून मी मुद्दाम वाट वाकडी करून आलो."

अपूर्वला सगळा घोटाळा क्षणात कळला. त्याने आपली बाटली खाली नेली. पोराने ती एका दमात संपवली. त्याचं नाव गोविंदा.

"तुम्ही एकटेच राहता का वर?" बाटली परत देताना त्याने विचारलं.

"हो."

"मंग एकोणीस काहून लावल्या?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता तो निघून गेला. अपूर्व रिकामी बाटली घेऊन जिना चढला. आपल्या हातून फार मोठी चूक झाली आहे, हे त्याला पटलं होतं. तरी आपण जिन्यात शीळ घालतो आहोत, हे दारापाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं.

गोविंदाने ही बातमी आपल्या मंडळींना सांगितली असावी. तिसऱ्या दिवशी चौघे आले, मग कुरिअरवाले, मग एक भंगारवाला. ते वर बघून हाका मारण्याऐवजी सरळ खालची घंटी वाजवत.

"अपूर्व!" रुखमाबाईंचा आवाज जिन्यातून वर आला. "खाली ये! हे सारे तुह्ये दोस्त का?"

"दोस्त नाहीत काकू. नकाशात चूक झालीय."

"नकाशात चूक झाली आन् घाम माह्या ओट्यावर गाळून राहिले! पाटी कशाले लावली मी? अशानं खोली खाली करा लागन, सांगून ठेवते."

अपूर्वने त्यांना सगळं समजावून सांगितलं. अक्षांश-रेखांश वगळले आणि चूक तेवढी ठेवली. "तुम्ही फक्त फोनवर 'स्थळ नाही' असं दाबायचं. तुम्ही एक आणि गल्लीतलं अजून एक, असे दोघे झाले की सगळं बंद होईल."

"आण इकडं. आत्ता दाबते."

रुखमाबाईंनी चष्मा लावला, बोट उचललं, आणि तेवढ्यात फाटकातून आलेला एक पोरगा काही न बोलता मटकन ओट्यावर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. रुखमाबाईंनी फोन तिथेच ठेवला. आत जाऊन गडवाभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आल्या.

"हळू पी. घटाघटा नको पिऊ. खिशात कांदा नाही ठेवला का गा? एवढ्या उन्हात निंगाला, आईनं सांगतलं नाही?"

"आई सावनेरले आहे."

"सावनेरले? सावनेरले कुठी?" रुखमाबाई त्याच्या शेजारी टेकल्या. "माह्यं माहेर होय बाप्पा ते!"

पोरगा अर्धा तास बसला. सावनेरचा बाजार, कापसाच्या गाड्या, कोण वारलं आणि कोणाच्या पोरीचं कुठे झालं, असं सगळं बोलून झालं. अपूर्व जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. पोरगा गेल्यावर रुखमाबाईंनी त्याचा गडवा विसळून ओट्यावरच ठेवला. मग त्यांनी आतून रांजण घरंगळत आणला.

"दरवेळी उठू उठू माहे गुडघे दुखून राहिले," अपूर्वकडे न बघता त्या म्हणाल्या. "बंद होईपर्यंत इथंच राहू दे."

रांजणाला झाकण नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फाटकावरची पत्र्याची पाटी तारेसकट उपटली आणि पालथी करून रांजणावर ठेवली.

आता दुसरा रहिवासी शोधायचा होता. समोर कांताबाई लांजेवार राहत. सांडपाण्याच्या नालीवरून त्यांचं आणि रुखमाबाईंचं कधीतरी फाटलं होतं आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. अपूर्वने केस विंचरले, सदरा बदलला आणि समोरची घंटी वाजवली.

"मी समोरच्या माडीवर राहतो."

कांताबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "अवो माय! मले वाटलं ते खोली रिकामीच आहे."

अपूर्वने फोन पुढे केला आणि काम सांगितलं.

"म्हणजे रुखमीच्या दारात पाणपोई नाही, असं लिहून द्याचं?" कांताबाईंचा चेहरा उजळला. "एकोणीस वेळा? दे, दे." त्यांनी आत बसवून त्याला पन्हं दिलं आणि एक-एक नोंद चवीने 'नाही' केली. मधे एकदा चुकून 'आहे' दाबलं गेलं, तेव्हा त्यांनी अपूर्वकडून ते दुरुस्त करून घेतलं.

अर्धं काम झालं म्हणून अपूर्व उत्साहाने परत आला. ओट्यावर गोविंदा आणि आणखी दोघे रांजणाभोवती बसले होते.

"काकू, समोरच्या काकूंनी दिलं लिहून. आता फक्त तुमचं राहिलं."

"कांतानं काय लिहून दिलं?"

"इथे पाणपोई नाही, असं."

रुखमाबाई सावकाश उभ्या राहिल्या. "माह्या दारात पाणपोई नाही म्हणे? आन् हा रांजण काय शोभेले ठेवला? हे पोट्टे काय बावळट आहेत का? सांग गा गोविंदा, हे काय आहे?"

"पाणपोई आहे ना काकू," गोविंदा गडवा तोंडाला लावत म्हणाला.

"काकू, पण एकच आहे. नकाशावर एकोणीस आहेत."

"एक तं आहे ना? आण तो फोन." आणि अपूर्वने काही सांगण्याच्या आत त्यांनी पहिल्या नोंदीवर 'आहे' दाबलं. तिथे मोठं हिरवं चिन्ह आलं. ते त्यांना आवडलं. मग उरलेल्या अठरांवरही दाबलं.

पोर्टलने क्षणभर विचार केला आणि मजकूर दाखवला: 'रहिवाशांमध्ये मतभेद आढळला. सोमवारी अधिकारी प्रत्यक्ष पाहणीस येतील.'

संध्याकाळी विक्रम सरांचा फोन आला. या वेळी त्यांचा आवाज कोरडा होता.

"अपूर्व, तुह्या घरी एकोणीस पाणपोया आहेत म्हणे? अबे, ते खातं कंपनीच्या नावावर आहे. खोट्या नोंदी सापडल्या तं कायमचं बंद करतात. मंग आपण नकाशे काय हातानं काढाचे का? सोमवारी मीही येतो. एकोणीस तिथं नसल्या तं तू तुह्यं पाहून घे."

अपूर्वने कोचावर बॅग ठेवली आणि भरायला घेतली. भरायला फारसं काही नव्हतंच. चार सदरे, लॅपटॉप, एक ताट, एक वाटी, एक बाटली. बॅग अर्धी रिकामी राहिली. खोली रिकामी करणं एवढं सोपं असू नये, असं त्याला उगीच वाटून गेलं. तो रुखमाबाईंना सांगायला खाली उतरला.

"काकू, सोमवारनंतर मी बहुतेक नसेन." आणि त्याने काय झालं ते सांगितलं.

रुखमाबाई तांदूळ निवडत होत्या. "किती दाखवून राहिलं ते? एकोणीस ना?"

"एकोणीस."

त्यांनी सूप खाली ठेवलं, फाटकापाशी गेल्या आणि कित्येक वर्षांनी समोरच्या घराकडे तोंड करून ओरडल्या.

"कांता! अवं ए कांता! सोमवारी सरकारी साहेब येऊन राहिले माही पाणपोई पाहाले. फोटो काढणार हाये. तुह्या दारात एखादं फुटकं मडकं तरी आहे का वं दाखवाले?"

समोरची खिडकी धाडकन उघडली. "फुटकं असन तुह्यं! माह्या घरी वाळा टाकलेलं पाणी भेटते, वाळा!"

"भेटते तं ठेव ना बाहीर!"

"ठेवतेच! दोन ठेवते!"

खिडकी बंद झाली. रुखमाबाई परत येऊन बसल्या आणि तांदळातला खडा काढून टाकत म्हणाल्या, "तीन झाल्या."

पुढचं सगळं आपोआप झालं. कांताबाईंच्या दारात वाळ्याची दोन मडकी आली, तेव्हा त्यांच्या बाजूच्या घराने तिसरं ठेवलं. ते पाहून रुखमाबाईंच्या बाजूच्या घराने स्टीलची टाकी काढली, तिला नळ होता. नळ बघून कांताबाईंच्या जावेने लग्नकार्यात आणतात तसला थंड पाण्याचा जार मागवला. गल्लीतली सगळी घरं अलीकडची आणि पलीकडची अशी वाटली गेली. घरात जे म्हणून पाणी धरत होतं, ते रविवारपर्यंत बाहेर आलं. येणाऱ्या पोरांची तर चैन झाली. "काकू, तिकडचं जास्त थंड आहे," असं एकाने म्हणायचा अवकाश, की इकडे ओला फडका गुंडाळला जाई.

अपूर्वला मात्र झोप नव्हती. तो दर थोड्या वेळाने खिडकीत येऊन मोजत होता.

सोमवारी विक्रम सर आणि पाहणी करणाऱ्या नंदिनी मॅडम एकाच गाडीतून उतरले. मॅडम तरुण होत्या आणि उन्हाने वैतागल्या होत्या. गल्लीत शिरताच त्या थबकल्या. दोन्ही बाजूंना मडकी, रांजण, पितळेचे गुंड, टाक्या, आणि प्रत्येक भांड्यामागे एक बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"मॅडम, मला एक सांगायचंय," अपूर्व पुढे झाला. सरांनी डोळे वटारले, तरी त्याला राहवेना. "ज्या एकोणीस नोंदी आहेत, त्या खरं म्हणजे या नव्हेत. त्या गुड्डूच्या दुकानापाशी वगैरे आहेत. मी तात्पुरतं..."

"लाजून राहिला तो," रुखमाबाई म्हणाल्या. "सुरुवात त्यानंच केली ना."

"मला जे दिसतं ते लिहायचंय," मॅडम म्हणाल्या. "नोंदी एकोणीस. मोजू या."

त्या मोजत निघाल्या. मागून विक्रम सर, अपूर्व, गोविंदा आणि निम्मी गल्ली. कांताबाईंच्या दारापाशी मॅडमनी सकाळीच नव्याने मांडलेल्या तिसऱ्या मडक्यात डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"पन्हं होय. खास तुमच्यासाठी," कांताबाई म्हणाल्या.

"मग हे धरता येणार नाही. पाणीच हवं."

"पन्ह्यात पाणीच तं असते बाई!"

"नाही धरता येणार." पन्हं मात्र त्यांनी घेतलं, दोन पेले. मग पुढे मोजत गल्लीच्या टोकाला गेल्या. "अठरा."

रुखमाबाईंनी कांताबाईंकडे पाहिलं. "तुले पन्ह्याचं कोणं सांगतलं होतं वं?"

"मले काय माहीत, तुम्ही मोजून राहिले म्हणून!"

विक्रम सरांनी रुमालाने मान पुसली आणि अपूर्वकडे पाहिलं. अपूर्व वळला, जिना चढला आणि खोलीत गेला. बॅग भरलेलीच होती. त्याने ती उघडली, बाटली काढली, कूलरशेजारच्या नळावर काठोकाठ भरली आणि खाली आणून रुखमाबाईंच्या रांजणाशेजारी ओट्यावर ठेवली.

मॅडमनी बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ही कोणाची?"

"माझी."

"यातलं कोणीही पिऊ शकतं?"

"मी तं रोजच पितो," गोविंदा म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्याने ती उचलून तिथल्या तिथे रिकामी केली.

"एकोणीस," म्हणून मॅडमनी फोनवर बोट टेकवलं. अपूर्वच्या खिशात पाठोपाठ टिंगटिंग सुरू झाली. 'प्रिय अपूर्व, तुमचे स्थळ पडताळले गेले आहे,' अशा ई-मेल ओळीने येत होत्या. या वेळी त्याने एकही उघडली नाही. विक्रम सर त्याच्या पाठीवर थाप मारून, 'पक्कं करून टाकतो तुले,' एवढं बोलून, सावलीच्या शोधात गाडीकडे गेले. बायका पन्ह्यावरून पुन्हा जुंपल्या होत्या आणि आता त्यात नालीचाही विषय निघाला होता.

गोविंदाने बाटली परत दिली. "भाऊ, खाली झाली."

"भरून आणतो," अपूर्व जिन्याकडे वळला.

"आता वर कुठी चालला?" भांडण मधेच थांबवून रुखमाबाईंनी रांजणावरची पाटी उचलली. "इथूनच भर ना गा. वर काय ठेवलं आहे तुह्यं?"